गाण्यातच होता पत्ता

नमस्कार श्रोतेहो. आज एका शोधाबद्दल बोलायचं आहे. समजा, रात्री उशिरा तुमच्या कानावर ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या त्या जुन्या संगीतातलं, एखादं गाणं पडलं. त्यात गिटार नाही, ड्रम नाही, माउथ ऑर्गन नाही. एक माणूस गातोय आणि साथीला त्याच्याच हातातला इलेक्ट्रिक बास, म्हणजे खर्जात बोलणारी चार तारांची गिटार. गाणं संपलं, नाव काही कळलं नाही. आता हा माणूस गाठायचा कसा?

आधी तो काय करतोय ते ऐका. बासच्या चार तारा गिटारच्या जाड चार तारांच्याही एक सप्तक खाली बोलतात. १९५१ साली फेंडर कंपनीचा प्रिसिजन नावाचा इलेक्ट्रिक बास आला आणि पुढं हळूहळू ब्लूजच्या बँडमधून तो उभा, अवाढव्य डबल बास मागं पडत गेला. तबल्यात डग्ग्याचं जे काम, तेच बँडमध्ये बासचं. तेवढ्यावर एकट्यानं गाणं उभं करायचं म्हणजे कठीण काम. खर्जात तीन सूर एकदम छेडले की ते एकमेकांत मिसळून गढूळ होतात. सूर मोकळे व्हावेत म्हणून हात वर सरकवावा, तर खालचा आधार सुटतो. मग अंगठ्यानं खालची मोकळी तार धरून ठेवायची, ठेका चुकू द्यायचा नाही, आणि उरलेल्या बोटांनी मधल्या जागेत चाल गुंफायची. त्यावर पुन्हा गायचं!

हा अंगठा मला थेट जुने ब्लूज गायक मिसिसिपी जॉन हर्ट यांच्याकडं घेऊन जातो. ते वाजवत साधी गिटार, पण त्यांचा अंगठा जाड तारांवर अखंड चालत असे आणि चाल वरच्या तारांवर बोटं सांभाळत. एकाच हातात बास आणि गाणं. १९२८ साली ओके नावाच्या तबकडी कंपनीनं त्यांचं ध्वनिमुद्रण आधी मेम्फिसला आणि मग न्यूयॉर्कला केलं. त्या तबकड्या फारशा खपल्या नाहीत. पाठोपाठ महामंदी आली आणि हर्ट आपल्या शेतीकामात राहिले. १९५२ साली हॅरी स्मिथ यांनी जुन्या अमेरिकन लोकगीतांचा मोठा संग्रह काढला, त्यात हर्ट यांची दोन गाणी होती. ऐकणाऱ्यांना वाटलं, हा माणूस केव्हाच गेला असणार.

पत्ता मात्र तबकडीवरच होता. न्यूयॉर्कला गायलेल्या ‘ॲव्हलॉन ब्लूज’मध्ये ते सांगतात की सकाळी साडेनऊच्या सुमारास न्यूयॉर्कला पोचलो, पण ॲव्हलॉन माझं गाव आहे आणि ते मनातून जात नाही. वॉशिंग्टनचे संग्राहक डिक स्पॉट्सवूड यांनी एका जुन्या ॲटलासमध्ये हे गाव हुडकलं. मिसिसिपी राज्यात, ग्रीनवूड आणि ग्रेनाडाच्या मध्ये. १९६३ साली त्यांचे मित्र टॉम हॉस्किन्स गाडी घेऊन निघाले. गावातल्या दुकानापाशी चौकशी केली. तिथल्या माणसांना विचारही करावा लागला नाही: पुढं जा, टेकडीवरची तिसरी टपालपेटी. जगाच्या लेखी हरवलेला माणूस गावात सगळ्यांना ठाऊक होता. हर्ट तेव्हा सत्तरीला आलेले. दक्षिणेतल्या काळ्या माणसाच्या दारात अनोळखी गोरा तरुण उभा राहिला, तेव्हा त्यांना आधी पोलिसच आल्यासारखं वाटलं, असं सांगतात. घरात गिटारसुद्धा नव्हती. हॉस्किन्स यांनी आपली दिली.

त्याच वर्षी जॉन फेही आणि एड डेन्सन यांनी बुका व्हाइट यांना शोधलं तेही असंच. व्हाइट यांचं ॲबरडीन गावावरचं एक गाणं होतं. तेवढ्या धाग्यावर यांनी पत्र टाकलं: बुका व्हाइट, जुने ब्लूज गायक, ॲबरडीन, मिसिसिपी. ते पत्र फिरत फिरत मेम्फिसला त्यांच्या हाती पडलं.

बासवाल्याची गोष्ट जास्त बिकट आहे. त्याचं नाव तबकडीवर छापायची रीतच नव्हती. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमर्सन यांनी एकाहून एक गाजलेल्या गाण्यांना बास दिला, आणि त्यांचं नाव वेष्टनावर पहिल्यांदा आलं ते थेट १९७१ मध्ये, मार्विन गे यांच्या अल्बमवर. ही गोष्ट मला फार लागते. ज्यांच्या बोटांवर गाणं तोललेलं, त्यांचंच नाव नाही!

म्हणून श्रोतेहो, असा कुणी कानावर पडला तर शब्द नीट ऐका. गावाचं, नदीचं, रस्त्याचं नाव येतंय का? ब्लूजवाला आपला मुलूख गाण्यात घेतोच. मग त्या गावचं केशकर्तनालय, चर्च, दुरुस्तीचं दुकान, जिथं ॲम्प्लिफायर नीट करायला दिला जातो, तिथं विचारा. आणि लवकर विचारा. हर्ट यांना सापडल्यानंतर न्यूपोर्टच्या महोत्सवात गायला मिळालं, नव्या तबकड्या निघाल्या, हजारो तरुणांनी त्यांना समोर बसून ऐकलं. पण हातात वर्षं होती जेमतेम तीन. नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गेले.

आता लावतो १९२८ची ती तबकडी. खरखर आहे, तरी पहिल्या कडव्यापासून कान अंगठ्याकडं ठेवा.