कॅसेट स्वस्त, खोका महाग

नमस्कार श्रोतेहो.

घरच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम पडून असेल आणि सोबत '९९९९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट असेल, तर तिचे लाखभर रुपये येणार नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण लिलावाची बातमी आली की लोक माळे उपसायला लागतात. त्या कॅसेटमध्ये मोजके गेम असतात आणि तेच नाव बदलून, मधल्याच लेव्हलपासून सुरू करून, पुन्हा पुन्हा यादीत घातलेले असतात. ती खेळायला मजेदार आहे. विकायला नाही.

लिलावाची बातमी मात्र खरी आहे. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४' ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. त्या वेळच्या दराने हे साडेअकरा कोटी रुपयांच्या वर झाले. त्याच्या दोनच दिवस आधी 'द लेजंड ऑफ झेल्डा' ची एक प्रत ८ लाख ७० हजार डॉलरला गेली होती. आता गंमत पाहा. 'सुपर मारिओ ६४' हा काही दुर्मीळ गेम नाही. त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. नुसती कॅसेट आजही सहज मिळते. मग साडेअकरा कोटी कशाचे? कधीही न फोडलेल्या प्लास्टिकच्या वेष्टनाचे, न दुमडलेल्या पुठ्ठ्याचे, आणि तपासणी करणाऱ्या कंपनीने त्यावर दिलेल्या ९.८ या गुणांचे.

या बाजारात एकाच गेमचे तीन भाव असतात. नुसती कॅसेट, खोका आणि माहितीपुस्तिकेसह पूर्ण संच, आणि सीलबंद. कॅसेट जाड प्लास्टिकची, ती टिकली. खोका पुठ्ठ्याचा, तो घरी आणल्या दिवशीच पोरांनी फाडला आणि कचऱ्यात गेला. म्हणून नुसत्या कॅसेटपेक्षा पूर्ण संचाची किंमत कित्येक पट असते. ज्याला गेम खेळायचा आहे त्याने खोक्याचे पैसे मोजायचं काहीच कारण नाही, पण विकणारा मात्र सीलबंद प्रतीचा भाव दाखवून नुसती कॅसेट गळ्यात मारायला बघतो. त्यामुळे भाव बघताना विक्रेत्याने मागितलेली रक्कम पाहू नका, प्रत्यक्षात झालेली विक्री पाहा. ई-बेवर 'सोल्ड' हा फिल्टर लावला की खरे आकडे दिसतात. प्राइसचार्टिंग ही साइट अशाच झालेल्या विक्रीवरून तिन्ही भाव वेगवेगळे देते.

किंमत गेमच्या गुणवत्तेवर ठरत नाही, याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे 'स्टेडियम इव्हेंट्स'. १९८७ मध्ये बंदाई कंपनीने पायाने खेळायच्या चटईसाठी हा धावण्याचा गेम काढला. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने त्या चटईचे हक्क घेतले, चटईला 'पॉवर पॅड' नाव दिलं आणि जवळजवळ तोच गेम 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' या नावाने पुन्हा आणला. जुन्या नावाच्या प्रती बाजारातून गेल्या. आज एक कॅसेट फार महाग, दुसरी अगदी स्वस्त, आणि टीव्हीवर दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. 'अर्थबाउंड' चं असंच. १९९५ मध्ये अमेरिकेत तो फारसा चालला नाही, म्हणून आज महाग. त्याचीच जपानी आवृत्ती 'मदर २' भरपूर खपलेली, म्हणून कॅसेट स्वस्त. अडचण एवढीच की तो गेम संवादांचा आहे, जपानी वाचता येत नसेल तर पहिल्या गावातच अडकाल. पळायचं, उड्या मारायच्या, गोळ्या झाडायच्या असे गेम मात्र जपानी आवृत्तीतच घ्यावेत.

भाव चढले कशामुळे? माल नव्याने बनत नाही आणि लहानपणी हे गेम खेळलेली पिढी आता कमावती आहे, ही मूळ कारणं. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी मागणी एकदम वाढवली. सीलबंद प्रतींना गुण देऊन विकणाऱ्यांनी त्यात भर घातली आणि गुंतवणूकदार त्यांच्या मागोमाग आले. २०२२ पासून येन घसरला, तशी टोकियोच्या आकिहाबारातल्या 'सुपर पोटॅटो' सारख्या दुकानांत परदेशी पाहुण्यांची खरेदी वाढली. दुसरीकडे डिजिटल दारंही बंद होतायत. निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी करून सांगितलं की २०१० च्या आधी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज कुठल्याही अधिकृत मार्गाने विकत मिळत नाहीत. जुनी कॅसेट हाच मार्ग उरला, तर तिचा भाव वाढणारच.

आपल्याकडचं चित्र निराळं आहे. निन्टेन्डोचं यंत्र भारतात 'समुराई' या नावाने आलं खरं, पण घराघरांत पोहोचल्या त्या 'मीडिया' सारख्या नकला. सेगाचा मेगा ड्राइव्ह शॉ वॉलेसने आणला. तेव्हा आयात शुल्क होतं ८० टक्के, आणि त्याची किंमत १८ हजार रुपये. त्या काळात १८ हजार मोजणारी घरं किती असणार? म्हणूनच इथे विकला गेलेला मेगा ड्राइव्ह खोक्यासकट कुठे दिसला, तर थांबून नीट बघा. बाकी भारतात जमवणाऱ्याला बहुतेक अस्सल माल बाहेरूनच मागवावा लागतो.

आणि इथेच हिशेब चुकतो. समजा, जपानमध्ये एक कॅसेट हजार रुपयांना दिसली. बरेच जपानी विक्रेते परदेशी पाठवत नाहीत, म्हणून मधला एजंट लागतो. त्याची फी, विक्रेत्यापासून एजंटपर्यंतचं टपाल, मग तिथून भारतापर्यंतचं टपाल. हे मिळून पंधराशे झाले असं धरा. कस्टम ड्युटी हजारावर लागत नाही. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा अशा सगळ्या रकमेवर लागते, आणि ड्युटी धरून येणाऱ्या बेरजेवर पुन्हा जीएसटी. वर कुरिअर कंपनीची हाताळणी फी. म्हणजे हजाराची कॅसेट दारात येईपर्यंत तिप्पट-चौपट होते. उपाय एकच, एजंटच्या गोदामात पाच-सात वस्तू साठू द्यायच्या आणि एकत्र मागवायच्या. पण गोदामात फुकट ठेवण्याची मुदत असते, ती आधी वाचा. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, त्यामुळे महागडं यंत्र मागवण्याआधी नियम तपासून घ्या. पार्सल अडकलं की दंड आणि परतीचा खर्च दोन्ही तुमच्याच गळ्यात. तिकडे राहणारं कुणी नात्यातलं सुट्टीला येणार असेल, तर टपालाचा खर्च तरी वाचतो. बॅगेलाही कस्टमचे नियम असतात, हे त्यांना सांगून ठेवा.

यंत्र घरी आलं की पहिली चूक होते ती प्लग खोचण्याची. जपानचा अॅडॅप्टर १०० व्होल्टचा. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. एक तर २३० चे १०० करणारा स्टेपडाउन घ्या, नाहीतर इथलाच अॅडॅप्टर घ्या. फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉम ही निन्टेन्डोची जपानी यंत्रं, दोघांनाही १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर लागतात. पिनच्या आत ऋण, बाहेर धन. आपल्या बाजारातल्या बऱ्याच अॅडॅप्टरमध्ये हे उलटं असतं, म्हणून मल्टिमीटर लावल्याशिवाय जोडू नका. मेगा ड्राइव्हमध्ये तर आणखी फसगत आहे. पहिल्या मॉडेलला आत ऋण, दुसऱ्याला आत धन. एनईएस म्हणजे फॅमिकॉमचीच अमेरिकी आवृत्ती, पण तिचा अॅडॅप्टर डीसी नव्हे, ९ व्होल्ट एसी देतो. तो फॅमिकॉमला किंवा सेगाला लावला तर यंत्राला धोका आहे.

फॅमिकॉम घ्यायचाच असेल तर डिसेंबर १९९३ मध्ये आलेलं नवं मॉडेल घ्या. जुन्यातून चित्र फक्त अँटेनाच्या वायरीतून येतं आणि जपानी चॅनेल आपल्या टीव्हीवर नीट लागत नाहीत. नव्याला एव्ही जॅक आहे. आपल्याकडच्या नकलांच्या ६० पिनांच्या कॅसेट त्यातही बसतात. एनईएसच्या कॅसेटला ७२ पिना, ती बसत नाही, त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर मिळतो.

आता बॅटरीबद्दल थोडं सविस्तर. जुन्या कॅसेटमध्ये तुमचा खेळ जिथे साठवला जातो त्या मेमरीला वीज लागते, आणि ती एक छोटा ३ व्होल्टचा सेल पुरवतो. बहुतेक ठिकाणी सीआर २०३२, पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर या गेममध्ये सीआर २०२५. या दोघांत घड्याळही चालतं, म्हणून सेल लवकर संपतो. सेल मेला की गेम चालतो, पण सेव्ह केलेलं टिकत नाही. विक्रेता म्हणेल, 'चालू आहे', आणि ते खोटंही नसेल. म्हणून गेम सेव्ह करा, यंत्र बंद करा, कॅसेट काढून पुन्हा लावा, मगच पैसे द्या.

सेल बदलणं घरी जमतं. निन्टेन्डोच्या या कॅसेटना ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो, साधा पेचकस चालत नाही. सुपर फॅमिकॉमसारखं यंत्र उघडायला ४.५ चा. दोन्ही बिट ऑनलाइन मिळतात. फॅमिकॉमच्या बऱ्याच कॅसेटना स्क्रूच नसतात, आत खटके असतात, जोर लावला तर मोडतात. उघडल्यावर सेलचा व्होल्टेज मोजा. अडीचच्या खाली असेल तर बदला. नवा सेल पत्र्याच्या पट्ट्या जोडलेलाच घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने तो फुटू शकतो. काहीजण चिकटपट्टीने बसवतात. ती पुढे ढिली होते आणि एका धक्क्यात सगळं सेव्ह जातं. बोर्डावर धन-ऋणाची खूण असते, जुना सेल काढण्याआधी फोटो काढून ठेवा. आणि सेल काढताच जुनं सेव्ह पुसलं जातं, हवं असेल तर आधी कॅसेट रीडरने संगणकावर उतरवून घ्या.

गेम बॉय अॅडव्हान्स या हातात धरायच्या यंत्रावर पोकेमॉन रुबी किंवा सफायर सुरू करताना बॅटरी संपल्याचा संदेश आला तर घाबरू नका. त्यांचं सेव्ह वीज नसली तरी टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत असतं, ते राहतं. थांबतं ते फक्त घड्याळ. या गेमबाबत खरी भीती नकलांची. गेम बॉय अॅडव्हान्सच्या कॅसेटच्या पिनांकडून आत बघा, अस्सल बोर्डावर सोनेरी पट्ट्यांच्या वर 'निन्टेन्डो' छापलेलं दिसतं. पुढच्या लेबलवर दाबून उमटवलेला बारीक आकडा असतो, कॅसेट तिरकी धरली तरच दिसतो. मागचा स्क्रू तीन फाट्यांचा हवा. उघडल्यावर बोर्डावर चिपऐवजी काळ्या एपॉक्सीचा गोळा दिसला, तर पैसे परत मागा. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून उघडलेल्या बोर्डाचा फोटो मागवा. टाळाटाळ झाली की तो सौदा सोडा.

कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारू नका. थुंकीतल्या ओलाव्याने संपर्क गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. औषधाच्या दुकानात मिळतं त्यात बहुधा तीस टक्के पाणी असतं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ९९ टक्क्यांचं आणा. कापसाची काडी भिजवून पट्ट्यांवर लांबीच्या दिशेने फिरवा, काडी काळी होत राहील तोवर. सँडपेपर किंवा पितळ घासायची पॉलिश नको, सोन्याचा मुलामा निघून जातो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेबलवर बुरशी धरते, म्हणून डबा घट्ट झाकणाचा आणि आत सिलिका जेल. गेम बॉयमधले साधे सेल काढून ठेवा, गळले तर स्प्रिंगा खाऊन टाकतात. सेगाचं हातात धरायचं यंत्र गेम गियर घेणार असाल तर आतले कपॅसिटर गळलेलेच असतील असं धरून भाव करा. ते सगळे बदलावे लागतात.

ज्यांना फक्त खेळायचं आहे त्यांनी जमवण्याच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कंपन्यांनी अधिकृतपणे पुन्हा काढलेले संग्रह आणि छोटी यंत्रं यांवर पुष्कळ जुने गेम मिळतात. एक गोष्ट मात्र त्यांवर आणि नव्या टीव्हीवर तशी होत नाही. बंदुकीने बदकं मारायचा तो खेळ. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला प्रकाश ओळखणारा भाग तो उजेड टिपतो. नव्या टीव्हीत चित्र थोडं उशिरा येतं आणि वेळ चुकते, नेम कितीही चांगला असो. त्यासाठी पिक्चर ट्यूबचाच टीव्ही लागतो, आणि तो अजून भंगारवाल्याकडे मिळतो. घेण्याआधी तिथेच चालू करून बघा. पुढे किंवा मागे पिवळा एव्ही जॅक हवा, आणि जपानी यंत्र जोडल्यावर चित्र रंगीत यायला हवं. कृष्णधवल आलं तर तो टीव्ही फक्त आपल्याकडची पॅल पद्धत ओळखतो. मागचं झाकण स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात. आणि उचलताना काच छातीकडे धरा, सगळं वजन तिथेच असतं.

नमस्कार.