चेस्नटबाईंच्या दोन वह्या

(दृश्य: लाल वही, जवळून)

लाल चामड्याची बांधणी, पितळी कुलूप. रोजनिशीतली पहिली नोंद १८ फेब्रुवारी १८६१ची. अमेरिकेच्या दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली होती, पण उत्तर-दक्षिण यादवी युद्धाची पहिली तोफ अजून डागली गेली नव्हती.

लिहिणाऱ्या मेरी बॉयकिन चेस्नट. वडील स्टीफन मिलर वकील, साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर, पुढे सेनेटर. नवरा जेम्स चेस्नट, तेही वकील आणि सेनेटर. लिंकन निवडून आल्यावर सेनेटचा राजीनामा देणारे दक्षिणेतले पहिले. अशा घरात बातमी छापून येण्याआधी जेवणाच्या टेबलावर पोचलेली असे.

(दृश्य: चार्ल्स्टनची छपरं, समोर पाण्यात फोर्ट सम्टर)

१२ एप्रिल १८६१. सम्टरचा किल्ला उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यात; पहाटे तीन वीसला दक्षिणेतर्फे त्याला शेवटची ताकीद देणाऱ्यांत जेम्स चेस्नट होते. साडेचारला पहिला गोळा सुटला. अख्खं शहर छपरांवर. बाई काळं स्टूल समजून टेकल्या ते निघालं धुराडं, आणि ठिणग्यांनी झग्याने पेट घेतला.

असा प्रसंग वाचला की आधी एकच विचारायचं: हे कुठल्या वहीतलं?

(दृश्य: टेबलावर वह्यांचे दोन गठ्ठे)

कारण वह्या दोन काळांतल्या आहेत. साउथ कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया, तिथल्या साउथ कॅरोलिनियाना ग्रंथालयात दोन्ही जपल्यात. डावीकडे युद्धकाळातल्या मूळ वह्या, उरल्यात सात. त्यांत १८६१चं बहुतेक वर्ष आणि १८६५चे काही महिने सापडतात. कागद मिळेनासा झाला तेव्हा बाईंनी पाककृतींच्या वहीतली कोरी पानं वापरली. मधल्या वर्षांची मूळ पानं नाहीत. १८६३च्या वसंतात उत्तरेचं घोडदळ दक्षिणेची राजधानी रिचमंडजवळ आलं, तेव्हा बाईंनी घाबरून बरंच काही जाळलं, आणि हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

उजवीकडचा गठ्ठा १८८१ ते १८८४चा. जवळपास पन्नास वह्या, अडीच हजारांहून जास्त पानं. मधल्या काळात बाईंनी कादंबऱ्या लिहून पाहिल्या होत्या, आणि तो हात इथे दिसतो. मूळ वहीतल्या दोन ओळींच्या टिपणाचा इथे संवादांसकट प्रसंग होतो. स्वतःचं मत कधी दुसऱ्याच कुणाच्या तोंडी जातं. नवऱ्यावरचा राग, स्वतःच्या रूपाचं कौतुक, हे गळतं. तारखा मात्र १८६०च्या दशकातल्याच, क्रियापदंही वर्तमानकाळी. म्हणूनच वाचक फसतो. आणि १८६२ ते ६४बद्दल तर ताडून पाहायला डावा गठ्ठाच रिकामा.

(दृश्य: मूळ वहीचं पान, मार्च १८६१)

पण सगळंच मागाहून सुचलेलं नाही. गुलामगिरीला शाप मानणं हे पाप ठरेल का, हा प्रश्न याच मूळ वहीत आहे. मालकांची तोंडवळ्याने ओळखू येणारी मुलं गुलामांच्या झोपड्यांत आहेत, आणि प्रत्येक बाईला शेजारच्या घरातली दिसतात, आपल्या घरातली नाहीत, हेही इथलंच. लिहिणाऱ्या बाईंच्या सासऱ्यांकडे शेकडो गुलाम होते.

(दृश्य: मलबेरी, कॅम्डेनजवळचं घर)

युद्ध हरले, गुलाम मुक्त झाले, कर्जं उरली. मॉली ही पूर्वीची गुलाम दासी आणि बाई मिळून लोणी-अंडी विकू लागल्या. सासऱ्यांच्या मृत्युपत्रात मलबेरीचा हक्क जेम्स यांना हयातीपुरता होता. मूल नव्हतं, त्यामुळे १८८५मध्ये ते वारल्यावर घर दुसऱ्या वारसाकडे गेलं. बाई १८८६मध्ये गेल्या. वह्या इझाबेला मार्टिन या शिक्षिका मैत्रिणीकडे.

(दृश्य: तीन छापील पुस्तकं, ओळीने)

१९०५ची आवृत्ती: निम्म्याहून जास्त मजकूर गाळलेला. १९४९ची, बेन एम्स विल्यम्स यांची: मजकूर वाढला, पण ते कादंबरीकार, वाक्यांना हात लावल्याशिवाय राहवलं नाही. तिसरी १९८१ची, इतिहासकार सी. व्हॅन वुडवर्ड यांची. १८८०च्या दशकातला पाठ पाया धरून त्यांनी मूळ वह्यांतला वगळलेला मजकूर परत आणला, आणि तो वेगळ्या दुहेरी कंसांत छापला. उरलेल्या मूळ वह्या १९८४मध्ये स्वतंत्र छापल्या गेल्या.

उद्धृत करायचं असेल तर वुडवर्ड उघडा आणि कंस बघून घ्या. कंसातलं युद्ध चालू असताना लिहिलेलं. कंसाबाहेरचं असेल तर १९८४चं पुस्तकही शेजारी ठेवा.