पण तुम्ही मला कोण म्हणता?

(दृश्य : जुने गोवे. बॉम जेझू बासिलिकेची जांभ्या दगडाची भिंत, मग आतली गर्दी.)

डिसेंबरात इथे पाय ठेवायला जागा नसते. दारातून शिरलेली रांग पुढे जाऊन उजवीकडे वळते. तिकडे संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत, टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेली संगमरवरी समाधी आहे आणि मोबाईल उंच धरलेले हात आहेत. जगभरातून माणसं येतात ती त्यासाठी. पण १६०५ साली पवित्र केलेलं हे चर्च झेवियरच्या नावाचं नाही. ते येशूच्या नावाचं आहे. म्हणून आम्ही रांग सोडली आणि कॅमेरा सरळ पुढे नेला.

(दृश्य : मुख्य वेदी. कॅमेरा खालून वर, अगदी सावकाश.)

सोन्याच्या मुलाम्याने उजळलेलं लाकडी कोरीवकाम छतापर्यंत चढत गेलंय. खाली एक लहान मूल उभं आहे. हा बाळ येशू. त्याच्या वर जेझुइट ह्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला, इतके भव्य की नजर आधी त्यांच्यावरच खिळते. पण ते आपल्याकडे पाहत नाहीत. त्यांची मान वर आहे. वर एक तेजोगोल, त्यात येशूच्या नावाची अक्षरं. आणि त्याच्याही वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा.

खालचं मूल आणि वरचा पुत्र. वेदी घडवणाऱ्यांना सांगायचं होतं ते हे, की हे दोघे नाहीत, एकच आहे.

(दृश्य : म्हापसा. मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे येशूची आई मरिया हिचं, फेस्त (जत्रा). मेणबत्त्या, तेल, हिंदू आणि ख्रिस्ती भाविक.)

आम्ही गोव्यातली मराठी माणसं येशूच्या शेजारातच वाढलो. सायबिणीला तेल वाहतो, नाताळात शेजाऱ्याच्या घरून आलेल्या कुसवाराची, म्हणजे नाताळच्या गोडधोडाची, ताटली रिकामी परत पाठवत नाही. तरी येशू कोण, असं विचारलं तर आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, तो थोर संत होता, दयाळू महात्मा. दुसरं, तो त्यांचा देव, आपल्या देवांसारखाच. दोन्ही उत्तरं प्रेमाने दिलेली. आणि दोन्ही अर्धी.

शुभवर्तमानात येशू स्वतःच हा प्रश्न विचारतो. फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना तो शिष्यांना विचारतो, लोक मला कोण म्हणतात? ते सांगतात, कोणी योहान म्हणतं, कोणी एलिया, कोणी संदेष्टा. मग तो त्यांच्याकडे वळतो. पण तुम्ही मला कोण म्हणता? शिष्य पेत्र उत्तर देतो, आपण ख्रिस्त आहात. ह्या उत्तराचा पुरता अर्थ लावण्यात ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, पुढची चारशे वर्षं गेली.

(दृश्य : दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातलं एक गाव. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. लोक उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणत आहेत.)

ही माणसं आत्ता जे तोंडपाठ म्हणत आहेत, त्यामागे मोठं भांडण आहे. आलेक्झांड्रियाच्या आरियस नावाच्या धर्मगुरूने म्हटलं होतं, पुत्र थोर आहे, सगळ्या सृष्टीआधीचा आहे, पण देवाने निर्माण केलेला आहे. ३२५ साली नायसियाच्या धर्मसभेने ते नाकारलं. पुत्र घडवलेला नाही, पित्यापासून जन्मलेला आहे, पित्याशी एकतत्त्व आहे. त्या सभेला २०२५ मध्ये सतराशे वर्षं झाली. मग पेच उलट्या बाजूने पडला. तो खरा देव असेल, तर माणूस होणं हे नुसतं सोंग तर नव्हतं? ४५१ साली काल्सेदोनच्या सभेने उत्तर दिलं. एक व्यक्ती, दोन स्वभाव. पूर्ण देव, पूर्ण माणूस. दोन्ही एकमेकांत मिसळलेले नाहीत आणि एकमेकांपासून तुटलेलेही नाहीत.

ऐकायला हे कोरडं वाटतं. गोव्यात ते कोरडं राहिलं नाही, कारण इथे ते हातांनी घडवलं गेलं.

(दृश्य : हस्तिदंती मूर्ती, अगदी जवळून. आधी चेहरा, मग बोटं, मग खालचा भाग.)

हे नीट पाहा. सतराव्या शतकातलं गोव्याचं काम. आफ्रिकेतून जहाजाने आलेला हस्तिदंत आणि इथल्या कारागिराची पटाशी. डोंगराच्या माथ्यावर एक पोर बसलंय. अंगात लोकरीचा झगा, कमरेला पाण्याचा भोपळा, एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर. पायावर पाय. उजव्या हाताच्या बोटावर कललेलं डोकं. डोळे मिटलेले. हा उत्तम मेंढपाळ, जो मेंढरांसाठी जीव देतो. आणि त्याला डुलकी लागली आहे.

खाली कॅमेरा उतरतो तिथे झरा आहे. मेंढरं पाणी पितात. त्याच्याही खाली गुहेत येशूची शिष्या मग्दालेची मरिया पडून ग्रंथ वाचते आहे. वीतभर उंचीत अख्खी श्रद्धा रचलेली आहे. ज्याच्या पायथ्याशी जीवनाचा झरा वाहतो, तो वर मुलासारखा पेंगतो आहे. शुभवर्तमानात येशू वादळात नावेत उशाशी डोकं टेकून झोपतो आणि उठवल्यावर वाऱ्याला दटावतो. थकून झोपतो तो माणूस, वादळ शमवतो तो देव, पण नावेत माणूस एकच आहे. काल्सेदोनच्या सभेने वाक्यात बांधलं तेच ह्या कारागिराने मिटल्या पापण्यांत आणलं.

काही अभ्यासकांना ह्या शांत चेहऱ्यात ध्यानस्थ बुद्ध दिसतो. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. कारागिराचा हात जे पाहत आला तेच घडवणार. १५६७ सालच्या गोव्यातल्या धर्मसभेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करून घेण्यावर बंदी घातली होती. म्हणजे त्या तशा करून घेतल्या जात होत्या. अशा मूर्ती आज लिस्बनपासून लंडनपर्यंतच्या संग्रहालयांत आहेत. घडवणाऱ्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. ती असायला हवी होती.

(दृश्य : राचोल. जुवारी नदी, सेमिनरीची पांढरी इमारत, लांबलचक व्हरांडे.)

लाकूड आणि हस्तिदंत झालं. आता ओवी.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि मरेपर्यंत इथेच राहिला, बराच काळ साष्टीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी विचारलं, आमची पुराणं तर बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही द्याल की नाही? स्टीफन्सने पुराणच दिलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठीत, कोंकणीचा हात धरून. १६१६ साली ते ह्याच राचोलात छापलं गेलं. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन अक्षरांत. त्या छापील प्रतींपैकी एकही आज सापडत नाही. ख्रिस्तपुराण तगलं ते हाताने उतरवून घेणाऱ्यांमुळे आणि म्हणणाऱ्यांमुळे.

(दृश्य : ओव्या म्हणणाऱ्या बाई. पोथीच्या पानांवरून फिरणारं बोट. निवेदन थोडा वेळ थांबेल.)

ह्या ग्रंथाची रचना समजून घेण्यासारखी आहे. येशू लगेच येत नाही. आधी सृष्टी, आदाम आणि एवा, त्यांचं पतन, राजे, संदेष्टे, शतकानुशतकं पाहिलेली वाट. पहिलं पुराण ह्यातच सरतं. दुसऱ्या पुराणात बाळ जन्मतं. तोवर ऐकणाऱ्याला पुरतं ठाऊक झालेलं असतं की हे जग कोणी रचलं. म्हणून गव्हाणीतलं पोर समोर आलं की ऐकत बसलेली आजी कान टवकारते. ज्याने तारे मांडले तो आता आईच्या मांडीवर.

इथे आपल्या मराठी मनात अवतार हा शब्द येणारच. तो यावा, त्याने वाट सोपी होते. पण पुढे एक वळण आहे. ख्रिस्ती श्रद्धेत हे येणं एकदाच आहे. ऑगस्त कैसराच्या काळात, एका यहुदी आईच्या पोटी, गालिलातल्या नासरेथ गावचा माणूस म्हणून. आणि हा देह काम संपल्यावर उतरवून ठेवायचा वेश नाही.

ज्या साष्टीत हे पुराण म्हटलं गेलं, तिथली देवळं त्याआधी पाडली गेली होती, आणि इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, अंमल गोव्यावर १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडता, राहिला. तो इतिहास खरा आहे आणि तो वेगळ्या माहितीपटाचा विषय आहे.

(दृश्य : गुड फ्रायडेच्या आधीचा आठवडा. गावच्या चर्चमागची खोली. मेस्त (सुतार) कामात.)

आता आम्हाला सापडलेलं सगळ्यात मोलाचं चित्रण. हे मेस्त दरवर्षी ह्या दिवसांत क्रुसावरच्या येशूची मूर्ती तपासतात. लाकडी मूर्ती, जवळजवळ माणसाएवढी. हिचे हात खांद्यात हलतात. सांध्यात लाकडी खुंटी आहे. खुंटीवर कातड्याची पट्टी आहे. पट्टीवर अंगाच्याच रंगाचा थर दिलाय, म्हणजे फट दिसू नये. मेस्त हात वर करतात, खाली सोडतात, पुन्हा वर करतात. खुंटी करकरते. ते थोडं मेण लावतात. मग पुन्हा. कुठेही घाई नाही.

बरगड्यांवर रंगाचा थर उडालाय तिथे ते बोटाने चाचपतात. गुडघे सोललेले कोरले आहेत. ज्याने कोणी ते कोरले, त्याला पडलेल्या माणसाचे गुडघे कसे दिसतात ते माहीत होतं.

(दृश्य : गुड फ्रायडे. दुपारनंतरचं चर्च, गच्च भरलेलं. काळ्या कपड्यांतल्या बायका.)

आदल्या दिवशीच्या संध्याकाळपासून घंटा मुकी आहे. तिच्या जागी मात्राक वाजते, लाकडावर लाकूड आपटल्याचा खडखडाट. प्रवचन संपतं आणि वेदीपुढचा पडदा सरकतो.

ओपमुस हा खास झगा घातलेले कोंफ्रारीचे, म्हणजे चर्चच्या सेवासंघाचे, दोन पुरुष क्रुसाला शिड्या लावतात. आधी काट्यांचा मुकुट निघतो. तो खाली हातोहात दिला जातो, सायबिणीच्या मूर्तीपुढे दाखवला जातो. मग काखेतून एक लांब पांढरं कापड घेतलं जातं आणि त्याची टोकं क्रुसाच्या आडव्या दांड्यावरून मागे सोडली जातात. मग हातोडा. उजव्या हाताचा खिळा. तो निघतो आणि हात खाली येतो.

(निवेदन थांबेल. फक्त चर्चमधला आवाज.)

मेस्तांनी आठवडाभर सांभाळलेला तो सांधा ह्या एका क्षणासाठी होता. मग डावा हात. मग पाय. कापडाच्या आधाराने मूर्ती शिडीवरून उतरते. खाली थांबलेली माणसं ती छातीशी घेतात. सायबिणीपुढे क्षणभर थांबतात. मग आच्छादनाखाली ठेवून तिची मिरवणूक गावातून निघते. परतल्यावर रात्री उशिरापर्यंत लोक पायांचं चुंबन घेत राहतात.

ही निव्वळ शोकांतिका असती तर एका भल्या माणसाचा बळी म्हणून आपण रडलो असतो. पण इथे गुडघे टेकणारी माणसं देवापुढे टेकताहेत. देव मेला, असं म्हणायला सुरुवातीच्या काळात कित्येकांची जीभ धजावली नाही. काहींनी म्हटलं, क्रुसावर दिसला तो आभास होता. मंडळीने ते मानलं नाही. मेला तो खरोखर मेला. येशूचा प्रेषित पौल फिलिप्पैकरांस पत्रात लिहितो की तो देवाच्या स्वरूपाचा असून दास झाला, आणि मरणापर्यंत, क्रुसावरच्या मरणापर्यंत, आज्ञाधारक राहिला. देवपण सोडून तो माणूस झाला नाही. देव असूनच तो इथवर उतरला. साष्टीतल्या ह्या गावात पत्रातलं ते उतरणं डोळ्यांनी दिसतं.

(दृश्य : पास्काची, म्हणजे ईस्टरची, रात्र. अंधारात एक मोठी मेणबत्ती, तिच्यात टोचलेले धुपाचे पाच खडे.)

पाच खडे, पाच जखमा. तिसऱ्या दिवशी तो उठतो आणि जखमा तशाच असतात. थॉमस नावाचा शिष्य म्हणतो, जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. येशू हात पुढे करतो. थॉमसच्या तोंडून निघतं, माझ्या प्रभो, माझ्या देवा. जखमा माणसाच्या, आणि त्या पाहून निघालेला उद्गार देवासाठी. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, ते माणूसपण त्याने आजही टाकलेलं नाही.

(दृश्य : आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं, एकामागून एक.)

आता हे चित्रकार. आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२, तिसवाडीतल्या सांतेस्तेवचे. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले. गोव्यात परतून त्यांनी मरियेला साडी नेसवली आणि तिच्या कडेवरचं बाळ इथल्या मातीच्या रंगाचं केलं. त्या काळच्या गोव्यात युरोपातली गोरी, निळ्या झग्यातली सायबीण डोळ्यांत बसलेली. ही चित्रं अनेकांना खपली नाहीत. फोन्सेका पुण्याला गेले, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले, आयुष्यभर हाच विषय रंगवत राहिले आणि १९६७ साली पुण्यातच वारले.

त्यांच्यावर आक्षेप घेणारे म्हणत, हे ख्रिस्ती चित्र नाही. मला वाटतं, काल्सेदोनचा निर्णय मनावर घेतलेलं ह्याहून ख्रिस्ती चित्र गोव्यात क्वचितच झालं असेल. येशू यहुदी होता, ते कोणी पुसू नये. पण तो नुसता माणसासारखा दिसला नाही, माणूस झाला, हे जर खरं मानायचं, तर सांतेस्तेवच्या चित्रकाराला त्याच्या आईच्या अंगावर शेजारणीचं लुगडं दिसण्याचा पूर्ण अधिकार आहे. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी तिला फ्लॉरेन्सची बाई केलं, तेव्हा त्यांना कोणी गाव सोडायला लावलं नाही.

फोन्सेकांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात परत आला आहे. तो झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च ह्या संस्थेकडे आहे. जुन्या गोव्याला जाणाऱ्या बसगाड्यांतून रोज जितकी माणसं उतरतात, त्यांतली थोडी जरी ह्या चित्रांपुढे येऊन उभी राहिली, तरी आम्हाला हे चित्रण केल्याचं समाधान मिळेल.