ब्रूनोचे आई-बाप एकाच वेतातले होते

नमस्कार मंडळी. आज कुत्र्यांबद्दल बोलायचंय, घरात लाडानं पाळलेल्या कुत्र्यांबद्दल, आणि सुरुवात आमच्या ब्रूनोपासूनच करते.

ब्रूनो आमचा लॅब्राडोर. पाच वर्षांचा होईपर्यंत एकदम धडधाकट होता, आणि मग एका पावसाळ्यात संध्याकाळी लाइट गेले की तो जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबायला लागला. पुढचा पाय खाली टाकायचा, पायरी चाचपायचा, परत मागं घ्यायचा. आम्हाला वाटलं वजन वाढलंय, आळशी झालाय. मग एक दिवस दारातली बादली रोजच्या जागेवरून हातभर सरकली होती तर थेट तिच्यावर जाऊन आपटला. डोळे मात्र अंधारात पूर्वीपेक्षा जास्त चमकायचे, आणि आम्हाला ते छान वाटायचं! डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याचा मागचा पडदा झिजत चाललाय, आधी रात्रीचं दिसणं जातं मग दिवसाचं, आणि याच्यावर औषध नाही. ती चमक पण त्यामुळंच, बाहुली नीट आकसतच नव्हती.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, याचे आई-बाप कोण? आम्ही जिथून पिल्लू घेतलं होतं तिथं फोन लावला, नाव नाही सांगत, तर ते अगदी सहज म्हणाले, अहो दोन्ही आमच्याच घरचे, एकाच वेतातले. म्हणजे सख्खे बहीणभाऊ! त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि घेताना आम्ही पण विचारलं नव्हतं, पिल्लू गोंडस होतं, उचलून घरी आणलं.

आता हे होतं कसं ते सांगते. प्रत्येक जीनच्या दोन कॉप्या असतात, एक आईकडून एक बापाकडून. ब्रूनोला झाला तसल्या आजारात एक कॉपी खराब असली तरी दुसरी काम भागवते, कुत्रं आयुष्यभर ठणठणीत राहतं, कोणाला पत्ता लागत नाही. समजा आजीकडं अशी एक खराब कॉपी होती, ती तिच्या एका पिल्लाला गेली आणि दुसऱ्यालाही गेली, दोघांनाही छान दिसतंय. त्या दोघांचं मेटिंग केलं की प्रत्येक पिल्लाला दोन्ही खराब कॉप्या मिळण्याची शक्यता चारात एक. बाहेरच्या कुत्र्याशी मेटिंग केलं असतं तर त्याच्याकडं नेमकी तीच खराबी असण्याचा चान्स कितीतरी कमी होता.

पिल्लाला मिळालेल्या दोन्ही कॉप्या एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता किती, याचा हिशोब टक्क्यांत करतात. सख्ख्या बहीणभावांच्या किंवा बाप-लेकीच्या मेटिंगमधून झालेल्या पिल्लाचा आकडा २५ टक्के, सावत्र बहीणभावांच्या १२.५, मामेभाऊ-आतेबहीण असतील तर ६.२५. आणि आता ऐका, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये २२७ जातींच्या कुत्र्यांचा डीएनए डेटा अभ्यासला तर जातींची सरासरीच २५ टक्क्यांच्या आसपास निघाली. म्हणजे कागदावर लांबचे दिसणारे आई-बाप असले तरी आतून पिल्लू बहीणभावांच्या पिल्लाइतकंच एकसारखं. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या २००८ च्या अभ्यासात ब्रिटनमधल्या अंदाजे १०,००० पग्जमध्ये जेनेटिक विविधता किती होती, तर फक्त ५० कुत्र्यांत असेल तेवढी. वाचून मी सुन्न झाले होते. शोमध्ये एक चॅम्पियन आला की सगळ्यांना त्याचीच पिल्लं पाहिजेत, मग त्या पिल्लांची आपापसात मेटिंग, आणि दिसायला सगळी अगदी हवी तशी, पण त्या चॅम्पियनच्या आत जे काही लपलेलं होतं ते पण सगळ्या जातीत पसरलं. नुसता एखादा आजारच होतो असंही नाही, पिल्लंच कमी होतात. गोल्डन रिट्रिव्हरवर २०१९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात आकडा १० टक्क्यांनी वाढला की वेतामागं साधारण एक पिल्लू कमी असं दिसलं.

बरं, एकदा चांगली कॉपीच जातीतून गेली की काय होतं त्याचं उदाहरण डाल्मेशियन. या जातीच्या कुत्र्यांच्या लघवीत युरिक अॅसिड फार, खडे होतात, नरांची लघवीच अडते, आणि आपसात कितीही निवडून मेटिंग केलं तरी सुटका नाही कारण चांगली कॉपी कोणाकडंच उरली नव्हती. अमेरिकेत रॉबर्ट शाइबल नावाच्या जेनेटिक्सवाल्यानं १९७३ मध्ये डाल्मेशियनचं पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी मेटिंग केलं, मग पुढच्या पिढ्या परत डाल्मेशियनशीच, ठिपके तसेच आले आणि चांगली कॉपी पण टिकली. पण अमेरिकन केनेल क्लबनं, म्हणजे तिथं जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेनं, ही कुत्री कायमची स्वीकारली २०११ मध्ये! एवढी वर्षं उपाय समोर होता. इंग्लंडच्या केनेल क्लबनं पण आई-मुलगा, बाप-लेक, बहीण-भाऊ यांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली ती २००९ मध्ये, आणि क्लब स्थापन झालाय १८७३ मध्ये.

आपल्याकडं ही गोष्ट ज्यांना माहिती असायला पाहिजे त्यांना ती आधीपासून माहिती आहे. सांगोल्याकडं माझे मामा उस्मानाबादी शेळ्या पाळतात, दर दोन वर्षांनी बोकड बदलतात म्हणजे बदलतातच. तोच बोकड ठेवला तर त्याच्याच पाटी, म्हणजे त्याच्यापासून झालेल्या तरुण शेळ्या, माजावर आल्या की त्यांना लागतो, मग करडं बारकी निघतात, मरतूक वाढते, असं मामा सांगतात. गाय भरवताना पण वळूचा नंबर लिहून ठेवायला सांगतात. शेळीला जे आपण करतो ते तीस-चाळीस हजार देऊन आणलेल्या कुत्र्याला का नाही करत, हे मला खरंच कळत नाही.

घरोघरी सगळ्यात जास्त होणारी चूक तर अगदी साधी आहे. जोडी पाहिजे म्हणून एकाच वेतातला नर आणि मादी घेऊन येतात, सहा-आठ महिन्यांनी मादी हीटवर येते, आणि 'अजून लहान आहेत' म्हणेपर्यंत झालेलं असतं. अशी जोडी घरात असेल तर कृपा करून आधीच डॉक्टरांना विचारून नसबंदी करून घ्या. पिल्लू विकत घेणार असाल तर आईला प्रत्यक्ष बघा, बाप कुठला ते विचारा, पेपर असतील तर आजी-आजोबांपर्यंतची नावं वाचा, एकच नाव दोन्ही बाजूंनी आलं तर सरळ नको म्हणा. कोणी 'लाइन ब्रीडिंग आहे' असं अभिमानानं सांगितलं तर ते पण नात्यातलंच असतं, एवढं लक्षात ठेवा. आणि ब्रूनोसारख्या डोळ्याच्या आजाराची डीएनए टेस्ट होते, मेटिंगच्या आधी करता येते, आम्हाला हे उशिरा कळलं. केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत, ब्रीडरची नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पण तुमच्या पिल्लाचा आजोबा कोण हे तुम्हालाच विचारावं लागणार.

मामांकडं कारवानी जातीची एक कुत्री पण आहे, नाव तारा. यंदा तिला पंचक्रोशीत गाजलेल्या एका पळणाऱ्या कुत्र्याकडं न्यायचं ठरलं होतं. मी फोनवर म्हटलं, मामा, बोकडाचं बघता तसं याचं बघा ना. त्यांनी चार घरी विचारलं तर तो कुत्रा ताराच्या आईचाच बाप निघाला. मग तिला जत तालुक्यात नेलं, दोन तास टेम्पोत. गेल्या महिन्यात व्यायली, सहा पिल्लं आहेत, आणि शेळ्यांच्या वहीत मागच्या पानावर मामांनी त्यांच्या आई-बापांची नावं लिहून ठेवलीयत.