आधी रबर, मग नक्षी

गाडी कितीही मोठी असली तरी तिचा प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या भागावर. ब्रेक, वळण, वेग, सगळा भार त्या चार तळहातांवर असतो. टायर घेताना आपली नजर आधी नक्षीवर जाते. माझ्या मते पहिला प्रश्न रबराचा विचारायला हवा.

उन्हाळी टायरचे रबर तापलेल्या रस्त्यावर पकड टिकवून धरते, पण पारा साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागला की ते कडक होत जाते आणि रस्ता कोरडा असूनही गाडी थांबायला जास्त अंतर घेते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्याच्या नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांवर सुरीने पाडाव्यात तशा बारीक चिरा असतात, आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. हाच टायर भर उन्हात चालवला तर वळणावर लिबलिबीत वाटतो आणि भराभर झिजतो. बारमाही टायर ही या दोहोंमधली तडजोड आहे. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे ती चालून जाते, कडाक्याच्या थंडीत मात्र अपुरी पडते. टायरच्या बाजूवर तीन शिखरांमध्ये हिमकण असे चिन्ह असेल तर तो बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. नुसत्या 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) या अक्षरांवरून तशी खात्री धरता येत नाही.

नक्षीचे खरे काम पावसात दिसते. टायरखालचे पाणी खाचांतून बाहेर पडले नाही तर चाक पाण्यावर तरंगू लागते आणि स्टिअरिंग एकदम हलके लागते. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. त्यांच्या तळाशी असलेले उंचवटे झिजून १.६ मिलिमीटर खोली उरल्याची खूण दाखवतात, पण पावसात पकड त्याच्या बरीच आधी कमी झालेली असते. दोनच टायर बदलायचे असतील तर बहुतेक जण नवे पुढे बसवतात. ते मागे हवेत, गाडीचे इंजिन पुढची चाके फिरवत असले तरीही. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची सुटली तर ती गर्रकन फिरते, आणि तिथे सरावलेल्या हाताचीही फजिती होते.

चिखलासाठीच्या जाड ठोकळ्यांच्या टायरांचा मोह मलाही झाला होता. डांबरी रस्त्यावर त्यांची घरघर वाढते, इंधन जास्त लागते आणि ओल्या रस्त्यावर थांबायला बहुधा वेळ लागतो. वर्षातून दोनदा कच्च्या वाटेवर जाणाऱ्याने ते घेऊ नयेत.

टायरच्या बाजूवर '२०५/५५ आर १६ ९१ व्ही' असे लिहिलेले असेल, तर रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ५५ टक्के, बांधणी रेडियल, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे, आणि रिम १६ इंचांची. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरची मर्यादा. गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्यापेक्षा कमी भारक्षमतेचा टायर घेऊ नये. जवळच '२३१९' असे चार आकडे असतील तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. हे आकडे कधीकधी टायरच्या एकाच बाजूवर असतात, आणि ती बाजू आत गेली असेल तर गाडीखाली वाकून, बॅटरी मारून ते शोधावे लागतात.