जुन्याला हरकत नाही : गंगेवरचा बुधवार बाजार

(पुलावरून, सकाळ)

नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि दर बुधवारी ह्या गंगेवर हा असा रंग चढतो. निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या, दोऱ्या, बांबू, आणि गौरी पटांगणापासून इकडे गणेशवाडीच्या बाजूपर्यंत जिथे पाय ठेवायला जागा तिथे कुणाचं तरी दुकान. भाजी आहे, धान्य आहे, सुकट-बोंबील आहेत, मिरचीचे ढीग आहेत, ते सगळं तुम्ही बघितलेलंय म्हणून ते आपण सोडून देतोय. आपल्याला जायचंय जुन्या मालाच्या लाईनीत.

आजचा बुधवार घटस्थापनेच्या आधीचा, म्हणजे पितृपक्ष चालू. तिकडे रामकुंडावर तर्पणाला गर्दी आणि इकडे बाजारात माल जास्त, कारण नवरात्राच्या आधी घरोघरी आवराआवर निघते, माळ्यावरचं खाली येतं आणि खाली आलेलं परत वर जात नाही, ते फिरत फिरत इथे येतं. शिवाय पितृपक्षात नवीन काही घ्यायचं नाही असं मानणारे आपल्याकडे भरपूर आहेत. जुन्याला मात्र कुणाची हरकत नाही.

(भांड्यांचा ढीग, क्लोजअप)

ह्या मावशी सिडकोतून आल्यात, त्यांना पितळी पातेलं हवंय, नवरात्रातल्या स्वयंपाकासाठी. भांडी बाजारात नवं मिळतं की, इथून चालत पाच-दहा मिनिटं, नाशिकची तांब्या-पितळेची भांडी तर नावाजलेलीच आहेत, तांबट लेन अजून आहे. पण मावशींना जुनंच पाहिजे. का, ते त्यांचे हात बघा.

आधी वजन. उचलल्या उचलल्या कळतं म्हणतात त्या, जुन्या भांड्याचा पत्रा जाड असतो. मग उलटं करून बूड. बुडाशी डाख दिलेला दिसला तर भाव तिथेच खाली, कारण डाख म्हणजे भांडं कधीतरी गळलंय. मग अंगावर बोट फिरवायचं, हातोडीचे ठोके बारीक बारीक लागतात का बघायचं, लागले तर हाताने मठारलेलं, मशीनवर केलेल्याला नुसत्या गोल रेघा असतात. पर्समधून काय काढलं बघितलं का? लोहचुंबक. पितळेला चुंबक चिकटत नाही, चिकटला तर आत लोखंड आणि वर नुसतं पाणी दिलेलं. आणि शेवटी टिचकी. पितळ एकदा वाजतं आणि गप्प होतं, काशाचा आवाज लांब घुमत जातो, ती शेजारी पडलेली वाटी काशाची आहे, तळपायाला तूप लावून घासायची. काशात तांब्याबरोबर कथील असतं आणि पितळेत जस्त, एवढ्याशा फरकाने आवाज बदलतो. मावशींना वाटी नकोय, पण वाजवून मात्र त्यांनी तीन वेळा बघितली.

आता भाव.

"अठराशे."

"अकराशे देते."

"मावशी, मोडीत घातलं तरी याच्यापेक्षा जास्त येतात."

"मग घाला ना मोडीत, इथे कशाला मांडलं?"

"अहो भवानीचा टाईम आहे, असं नका बोलू."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, ती व्हायची असते तेव्हा गिऱ्हाईक परत पाठवत नाहीत, हे मावशींना माहीतय, मावशींना माहीतय हे त्यालाही माहीतय. मोड म्हणजे भांडं वितळवायला दिलं तर जो किलोचा भाव येतो तो, आणि जुन्या भांड्याची सगळी घासाघीस त्या भावाच्या वरच्या थोड्याशा जागेत चालते. खाली तो जाणार नाही, फार वर मावशी जाणार नाहीत. साडेतेराशेला तुटलं. त्याने नोटा आधी कपाळाला लावल्या आणि मग खिशात घातल्या.

(कल्हई, पूर्ण क्रिया, कट न करता)

पातेलं घेतलं पण आतली कल्हई, म्हणजे कथलाचा पातळ थर, पार उडालेली, तसं वापरलं तर ताक कळकणार, आमटीत चिंच पडली तरी कळकणार. म्हणून पातेलं लगेच इथे, बाजाराच्या कडेला, कल्हईवाल्या काकांकडे. हे नीट बघा, आता फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.

पहिल्यांदा भांडं घासून चकाचक, डाग राहिला तर तिथे कल्हई धरत नाही. मग भट्टी, कोळसा आणि हाताने फिरवायचा पंखा. सांडशीत धरून पातेलं सगळीकडून सारखं तापवायचं, जास्त तापलं तरी पंचाईत. किती तापलं ते काका नुसतं बघून सांगतात. आता ही पांढरी पूड टाकली ती नवसागर, हा धूर त्याचाच, नवसागराने धातूवरचा बारीकसा थर निघतो आणि कथील चिकटायला मोकळी जागा होते. आणि ही कथलाची कांडी. कथील २३२ अंशाला वितळतं म्हणून नुसती टेकवली की पाणी झालं बघा. तांबं वितळायला हजाराच्या वर लागतं, पितळ त्याच्या थोडं खाली, पण कथलापेक्षा कितीतरी वर, म्हणून भांड्याला काही होत नाही. आता कापसाचा बोळा आणि झरझर हात, पाचेक सेकंदात पिवळं पातेलं आतून चांदीसारखं. मग पाण्यात. चर्रर्र.

कांडी घेताना एक बघायचं, तेही काकांनी करून दाखवलं. चांगलं कथील वाकवलं की करकरतं. ऐका. शिसं मिसळलेलं असेल तर हा आवाज मरतो, आणि शिसं पोटात जाणं वाईट. कल्हई लावून घेणार असाल तर कांडी वाकवून दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही.

नॉनस्टिकचं कोटिंग गेलं की तवा फेकायचा. हे पातेलं मावशींच्या सुनेच्या सुनेपर्यंत कल्हई लावत लावत चालेल.

(नारोशंकराचं मंदिर, घंटा)

कॅमेरा इथे आलाच आहे तर ही घंटा बघून घेऊ. नारोशंकराचं मंदिर १७४७ चं, आणि घंटा पोर्तुगीजांची, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या विजयाची खूण. म्हणजे बाजाराच्या डोक्यावर टांगलेली ही नाशकातली सगळ्यात नावाजलेली सेकंडहँड वस्तू. हिला भाव मात्र कुणी विचारत नाही.

(लोखंडाची लाईन)

विळे, खुरपी, अडकित्ते, कोयते. हा कोयता कशाचा सांगा? ट्रकच्या कमानीचा पाटा. ट्रक भंगारात गेला की कमानपट्टा लोहारांकडे येतो, स्टील एक नंबर असतं, तापवून ठोकून पातं काढायचं, धारेला पाणी द्यायचं, म्हणजे लालबुंद धार झपकन पाण्यात बुडवायची, तेवढा भाग कडक होतो आणि मागचा चिवट राहतो. घेणारे नखावर धार टेकवून बघतात, घसरली तर बोथट, अडकली तर चांगली.

आणि ह्या घोळक्याला काय पाहिजे? सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, तोंडावर आलीय, दिंडोरी-निफाडकडून छाटणीवाले आलेत, नवा चांगल्या कंपनीचा सिकेटर महाग पडतो, इथे त्याच कंपनीचा जुना मिळतो, स्प्रिंग फक्त बदलायची. दाबून बघतात, कानाशी धरतात, परत दाबतात. एकाने फांदीच आणलीय बरोबर, ट्रायल घ्यायला! हे खरं गिऱ्हाईक.

(नाणी, मापं)

ही पायली, हा शेर. चार शेरांची एक पायली, किलो-लिटर यायच्या आधीचा हिशोब, आता लोक ह्याच्यात मनीप्लांट लावतात. हा भोकाचा पैसा, १९४३ ते ४७ मधला, हा खरा. आणि हा पितळी राम दरबार, एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८ साल, विकणारा म्हणतो घरात ठेवला की बरकत येते. कंपनीने असलं नाणं पाडलंच नव्हतं. शोभेला घ्यायचं तर घ्या, चाळीस-पन्नासच्या वर एक रुपया देऊ नका.

(पूररेषा, दुतोंड्या मारुती)

ह्या जागेचं एक आहे, नदीची आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की माल उचलायला लागतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं ते बघून इथले लोक हलतात. ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९, तेव्हा पाणी वरपर्यंत आलं होतं, पुष्कळांचं नुकसान झालं. आणि आता २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा. घाटावर कामं निघाली की बाजार हलवायचा विषय निघतोच. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे, त्यात पन्नास वर्षांपेक्षा जुने बाजार हेरिटेज मार्केट म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये असं लिहिलंय. हा बाजार किती जुना ते इथल्या कुठल्याही आजींना विचारा.

(संध्याकाळ, कपड्यांचे ढीग)

शेवटचा तास कपड्यांचा. बोहारणी भांड्यांवर जुने कपडे घेतात ना, ते इथे येतात. चांगले वेगळे, चेन-बटणाचं काम असलेले वेगळे, सुती साड्या गोधडीवाल्यांकडे, आणि अगदीच चिंध्या त्या गॅरेजमध्ये हात पुसायला. फेकलं काहीच जात नाही. शर्ट झटकून उन्हाकडे धरायचा, भोक असेल तर दिसतं, कॉलर आतून बघायची आणि काखेची शिवण ओढून बघायची, बस्स.

चार वाजता "कुठलाही पन्नास" चाललं होतं. पाचला "कुठलाही तीस". आता दिवे लागले, टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, ओझं परत नेण्यापेक्षा विकलेलं बरं म्हणून "वीस, वीस, वीस". ह्याच्या खाली जातो का म्हणून आम्ही थांबून बघितलं, नाही जात. त्याने सरळ गाठोडं बांधायला घेतलं आणि म्हणाला, "घ्यायचं तर घ्या, नाहीतर तो कोपरा धरा."