पदकाच्या आधीचे पैसे

4 जुलै 2024, मरीन ड्राइव्ह. टी-ट्वेंटी वर्ल्ड कप घेऊन टीम आलीये, ओपन बस मुंगीच्या पावलानं सरकतेय आणि समोर नुसती डोकीच डोकी. रात्री गर्दी पांगली तेव्हा रस्त्यावर चपलांचा खच पडला होता. दुसऱ्या दिवशी राज्य सरकारनं टीमला 11 कोटी जाहीर केले, बीसीसीआयचे 125 कोटी तर त्याआधीच जाहीर झालेले.

महिनाही झाला नाही, 1 ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेनं रायफल शूटिंगमध्ये ब्राँझ घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, तेव्हा रेल्वेत टीसी. त्याला सरकारनं सुरुवातीला जाहीर केला 1 कोटी. आता क्रिकेटवर आपला राग नाही, ती रात्र खरंच भारी होती, पण जिंकल्यावर नाचायला लाखो लोक आणि तयारीच्या वर्षांत विचारणारं कोण, हे खटकतंच ना.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरला चला. इथले पैलवान खाशाबा जाधव. 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केलेली. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर खिशात पैसे नाहीत. सरकारकडं मागायला गेले तर स्पर्धा झाल्यावर या असं उत्तर मिळालं, असं सांगतात. झाल्यावर! मग हा गडी आसपासच्या गावांतून वर्गणी मागत फिरला, ज्याला जमेल तसं लोकांनी दिलं, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकर सरांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये हातावर ठेवले. पदक येईल की नाही कुणालाच माहीत नव्हतं, पोरगं लढायला गेलं पाहिजे एवढंच त्यांना कळत होतं, आणि मला विचाराल तर खेळावरचं खरं प्रेम हेच.

खाशाबा ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, पुढचं यायला 1996 उजाडलं. कऱ्हाड स्टेशनवर शंभराहून जास्त बैलगाड्या आल्या होत्या, पंधरा मिनिटांच्या वाटेला म्हणे सात तास लागले. अर्जुन पुरस्कार मात्र 1984 ला ते अपघातात गेल्यानंतर कित्येक वर्षांनी दिला.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं माहितीये? कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून सरांचं गहाण पडलेलं घर सोडवायला पैसे दिले.